राक्षस, वीर आणि मारबत

(नागपूरच्या रस्त्यांवरून निघणारी मारबत, महाभारतातील एकचक्रा नगरी आणि दूरच्या ग्रीस देशातील पुराणकथा यांचा एकमेकांशी काय संबंध असेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. निरनिराळ्या देशांतील लोकांनी आपल्या भयाला कोणती रूपे दिली आणि त्या भयाला सामोरे जाणाऱ्या माणसाला वीर का म्हटले, हे या पाठात सांगितले आहे.)

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की नागपूरच्या मुलांचा पाय घरात ठरत नाही. तान्हा पोळा भरावयाचा असतो. लाकडी बैलांच्या शिंगांना बेगड लावावयाची असते, पाठीवर झूल चढवावयाची असते. परंतु त्या दिवशीचे मोठे आकर्षण वेगळेच असते. शहराच्या जुन्या भागातून मारबतीची मिरवणूक निघते. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांची बनविलेली ती प्रचंड स्त्रीमूर्ती माणसांच्या गर्दीवरून डोलत डोलत येऊ लागली की लहान मुले वडिलांचा हात घट्ट धरतात. एक मारबत काळी असते, दुसरी पिवळी. त्यांच्या मागून पुरुषरूपातील पुतळे येतात. त्यांना बडगे म्हणतात. रोगराई आणि ईडापीडा सोबत घेऊन जा, अशी साद लोक मारबतीला घालतात. अखेर हे पुतळे दूर नेऊन त्यांचे दहन केले जाते.

काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्या काळी पावसाळ्याच्या दिवसांत पटकी आणि हिवताप यांच्या साथी येत आणि घरेच्या घरे अंथरुणाला खिळत. रोग कोठून येतो आणि कसा पसरतो, हे सामान्य माणसाला ठाऊक नव्हते. जो शत्रू डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याशी लढावे तरी कसे? लोकांनी त्या शत्रूला हात, पाय, डोळे आणि तोंड दिले. जे दिसत नव्हते ते दिसू लागले. आणि जे दिसते ते गावाबाहेर नेता येते.

मारबत म्हणजे पूतना राक्षसी, असे मानले जाते. पूतनेची कथा भागवताच्या दशम स्कंधात आली आहे. कंसाने पाठविलेली ही राक्षसी सुंदर स्त्रीचे रूप घेऊन नंदाच्या घरी आली आणि विष लावलेल्या स्तनाशी तिने बाळकृष्णाला धरले. बाळाने दुधाबरोबर तिचे प्राणही शोषून घेतले. पुढे गोकुळवासीयांनी तिचा अवाढव्य देह कुऱ्हाडींनी तोडून दूर नेला आणि जाळून टाकला. पण कथा येथे संपत नाही. त्या चितेच्या धुरातून अगरूचा सुगंध दरवळला, असे भागवतकार सांगतात. कपटाने का होईना, पूतनेने कृष्णाला दूध पाजले होते. म्हणून मातेला मिळावी ती गती तिला मिळाली. ज्या कथेने राक्षसीला जाळले, त्याच कथेने तिला मातेचे स्थानही दिले.

हजारो कोस दूर असलेल्या ग्रीस देशातही अशीच एका बाळाची कथा सांगत असत. हेराक्लीज हा देवराज झ्यूस याचा एका मानवी स्त्रीपासून झालेला पुत्र. झ्यूसची राणी हेरा हिला त्याचा मत्सर वाटे. तिने बाळाच्या पाळण्यात दोन सर्प सोडले. घरातील माणसे धावत आली, तो काय दृश्य! बाळाने दोन्ही मुठींत एकेक सर्प आवळून धरला होता आणि दोन्ही सर्प निष्प्राण झाले होते. हाच बालक पुढे ग्रीकांचा सर्वांत बलाढ्य वीर ठरला. कृष्ण आणि हेराक्लीज यांच्यांतील साम्य खुद्द प्राचीन ग्रीकांच्याही ध्यानात आले असावे. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास मेगॅस्थिनीस नावाचा ग्रीक वकील चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला होता. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु पुढील लेखकांनी त्यातील पुष्कळ मजकूर उतरून ठेवला आहे. शूरसेन देशातील लोक हेराक्लीजची भक्ती करतात आणि मथुरा हे त्यांचे मोठे नगर आहे, असे त्यात म्हटले आहे. मथुरेतील हा 'हेराक्लीज' म्हणजे कृष्णच होय, असे बहुतेक विद्वान मानतात. परक्या देशात आलेल्या त्या प्रवाशाला तेथील दैवतात आपल्या घरचा वीर दिसला!

या कथांतील सर्वांत हृदयस्पर्शी जोडी मात्र निराळीच आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव वेष पालटून एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहत होते. नगरीजवळ बक नावाचा राक्षस होता. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस असा त्याचा कर ठरलेला होता. तेथील राजा दुर्बळ असल्यामुळे प्रजेला कोणी वाली नव्हता. नगरीतील प्रत्येक घरावर आळीपाळीने हा प्रसंग येई. एके दिवशी त्या ब्राह्मणाच्या घराची पाळी आली. बाप म्हणे, मी जातो. आई म्हणे, तुम्ही गेलात तर मुलांना कोण सांभाळील? मी जाते. मुलगी म्हणे, मला पाठवा. तिघेही रडू लागली. तेव्हा घरातील धाकटे मूल हातात गवताची एक काडी घेऊन पुढे आले आणि बोबड्या बोलांनी म्हणाले, या काडीने मी त्या राक्षसाला मारीन! त्या घोर दुःखातही सर्वांच्या मुखावर क्षणभर हसू उमटले.

पलीकडे असलेल्या कुंतीने हे सर्व ऐकले. आपल्या पाच पुत्रांपैकी एक जाईल, असे तिने त्या ब्राह्मणाला सांगितले आणि भीमाला आज्ञा केली. धर्मराजाला हे रुचले नाही; भीमाच्या बळावर तर पांडवांची सारी भिस्त होती. परंतु ज्याच्या घरी आसरा मिळाला त्याचे ऋण फेडणे हे आपले कर्तव्य आहे, असे कुंतीने त्याला समजाविले. भीम गाडा घेऊन गेला. बकासुरासमोर बसून त्याने स्वतःच तो भात खावयास सुरुवात केली आणि चवताळून आलेल्या राक्षसाला झुंजीत ठार केले.

आता क्रीट बेटाची कथा पाहावी. क्रीटचा राजा मिनॉस याला समुद्रदेव पोसायडन याने एक अतिशय सुंदर बैल दिला होता. तो बैल देवालाच अर्पण करावयाचा होता. पण मिनॉसला मोह पडला. त्याने तो ठेवून घेतला आणि दुसराच बैल बळी दिला. देवाच्या कोपाने त्याच्या राजवाड्यात एक भयंकर प्राणी जन्मास आला. त्याचे धड माणसाचे आणि मस्तक बैलाचे होते. हाच मिनोटॉर. त्याला कोंडून ठेवण्यासाठी मिनॉसने एक भुलभुलैया बांधविला; आत गेलेल्या माणसाला बाहेरचा मार्ग सापडत नसे. अथेन्स नगरीला मिनॉसने नमविले होते. त्या नगरीने ठरावीक वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली या भुलभुलैयात पाठवावयाच्या, असा त्याचा कर होता. तिसऱ्या खेपेला अथेन्सचा राजपुत्र थीसियस आपण होऊन त्या मुलांत सामील झाला. क्रीटची राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नी हिने त्याला सुताचा एक गुंडा दिला. दाराशी सुताचे टोक बांधून, गुंडा उलगडीत तो आत गेला. मिनोटॉरला त्याने ठार केले आणि त्याच सुताच्या मागाने तो सर्वांना घेऊन बाहेर आला.

एकचक्रा आणि अथेन्स या दोन नगरींच्या कथा किती जुळतात! दोन्ही ठिकाणी दुबळ्यांवर लादलेला कर आहे, दोन्ही ठिकाणी आईबाप रडत आहेत आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी एकजण आपली पाळी नसताना पुढे होतो. भीमाच्या अंगी हजार हत्तींचे बळ असेल. परंतु ते बळ बकासुराच्या अंगीही काही कमी नव्हते. भीम वीर ठरला तो दुसऱ्याच्या पाळीला स्वतः गेला म्हणून.

वीर एकटा सर्व काही करतो, असेही या कथा म्हणत नाहीत. हेराक्लीजला एकदा हायड्रा नावाच्या अनेक मस्तकांच्या सर्पाशी झुंजावे लागले. त्याचे एक मस्तक तोडावे तो तेथे दोन उगवत. अखेर हेराक्लीजचा पुतण्या आयोलाऊस पेटते कोलीत घेऊन धावला. हेराक्लीजने मस्तक तोडावे आणि आयोलाऊसने ती जखम डागावी, असे दोघांनी केले तेव्हा हायड्रा संपला. आपल्याकडे रक्तबीज नावाचा असुर असाच होता. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून नवा असुर उभा राही. देवी त्याच्यावर प्रहार करी आणि कालीमाता त्याचे रक्त वरच्या वर पिऊन टाकी, तेव्हाच त्याचा नाश झाला. थीसियसचे बाहुबळही अ‍ॅरिअ‍ॅड्नीच्या सुतावाचून व्यर्थ गेले असते.

काही कथा भूमीच्या अद्भुत रूपांतून जन्मल्या आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचे एक वाटोळे, खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. येथे लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहत असे आणि विष्णूने त्याचा वध केला, अशी आख्यायिका आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर याच कथेची आठवण देते. आकाशातून कोसळलेल्या प्रचंड उल्केच्या आघाताने हे विवर झाले, हे आज शास्त्राने सिद्ध झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याची दरी दाखवून, भीमाने कीचकाला मारून येथेच फेकले, असे लोक सांगतात. ग्रीकांनीही एटना नावाच्या ज्वालामुखीखाली झ्यूसने टायफॉन नावाचा दैत्य गाडला आहे आणि त्याचे उच्छ्वास म्हणजेच ज्वाळा, अशी कल्पना केली होती.

इतक्या दूरच्या देशांत इतक्या सारख्या कथा कशा निर्माण झाल्या? व्यापारी, सैनिक आणि प्रवासी यांच्याबरोबर काही कथा देशोदेशी फिरल्या असतील. काही कथा मात्र ज्या त्या ठिकाणी स्वतंत्रपणेच उपजल्या असाव्यात. कारण रोगाचे, अंधाराचे, भुकेचे आणि जुलमी सत्तेचे भय सर्वत्र सारखेच असते. कथा कोणत्याही भाषेतील असो, मूल गमावणाऱ्या आईचे अश्रू सारखेच खारट असतात.

परंतु वीरांच्याही हातून प्रमाद घडतात आणि प्राचीन कथाकारांनी ते झाकून ठेवलेले नाहीत. ज्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीने थीसियसचे प्राण वाचविले, तिला त्याने परतीच्या वाटेवर नॅक्सॉस बेटावर निजलेली सोडून दिले. विजयी होऊन परतलो तर जहाजाला पांढरे शीड लावीन, असे त्याने पित्याला वचन दिले होते. तेही तो विसरला. काळे शीड पाहून पुत्र गेला अशी वृद्ध एजियस राजाची समजूत झाली आणि त्याने समुद्रात उडी घेतली. बाहेरच्या राक्षसाला जिंकणारा हा वीर स्वतःच्या बेफिकिरीपुढे मात्र हरला.

विदर्भाच्या राजकन्येची कथाही येथे आठवते. दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची कन्या. कुंडिनपूर ही तिच्या पित्याची राजधानी. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर म्हणजेच ते प्राचीन नगर, असे परंपरा मानते. दमयंतीने नलराजाला वरले. पण मत्सरी कलीने नलाच्या देहात प्रवेश केला. या राक्षसाला शिंगे नव्हती, दाढा नव्हत्या. तो नलाच्या आतच बसला होता. त्याच्या प्रभावाने नल द्यूतात राज्य हरला, वनवासी झाला आणि एके रात्री निजलेल्या दमयंतीला रानात सोडून निघून गेला. थीसियसने केले तेच नलाने केले.

येथून पुढे मात्र कथेची वाट वेगळी होते. दमयंती अनेक संकटांतून माहेरी पोहोचली, पण हताश होऊन बसली नाही. तिने चहूकडे ब्राह्मण पाठवून पतीचा शोध चालविला. अयोध्येच्या राजाजवळील बाहुक नावाच्या कुरूप सारथ्याविषयी तिला संशय आला, तेव्हा आपले पुन्हा स्वयंवर होणार असल्याचा निरोप तिने त्या राजाकडे युक्तीने धाडला. राजाला रथातून घेऊन येताना बाहुकाने त्याच्याकडून अक्षविद्या मिळविली आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला. क्रुद्ध नल त्याला शाप देणार होता. पण कलीने हात जोडले आणि नलाने आपला राग आवरला. कुंडिनपुरात त्याच्या हातच्या अन्नाची चव आणि मुलांना पाहताच त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी, यांवरून दमयंतीने त्याला ओळखले. ग्रीकांच्या 'ओडिसी' या महाकाव्यातही वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषाने घरी परतलेल्या ओडिसियसची त्याची पत्नी पेनेलोपी अशीच परीक्षा घेते. या दोघींनी हाती शस्त्र धरले नाही. परंतु धैर्य आणि बुद्धी यांत त्या कोणत्याही वीराहून उण्या नव्हत्या.

या कथा लक्षात ठेवून पुन्हा मारबतीकडे पाहावे. मारबतीच्या मिरवणुकीतील बडगे दर वर्षी नवे असतात. महागाई, भ्रष्टाचार, व्यसने अशा त्या त्या काळच्या पीडांना लोक बडग्याचे रूप देतात. दोषाला रूप देऊन तो जाळणे योग्यच. परंतु एखाद्या माणसालाच राक्षस ठरविणे मात्र सोपे नाही. काळ्या मारबतीत कित्येक लोक नागपूरच्या भोसले घराण्यातील बांकाबाई यांचे रूप पाहतात. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीरही लिलावात काढले. १८५७ च्या उठावात वयोवृद्ध बांकाबाई मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. लोकांना याचा संताप यावा, हे स्वाभाविक होते. पण सर्वस्व गमावलेल्या त्या वृद्ध स्त्रीने तसे का केले, घराण्यातील उरल्यासुरल्या माणसांची चिंता तिला वाटली असेल काय, हे प्रश्न पुतळा विचारीत नाही. ते इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचे असतात. पूतनेच्या चितेतही ज्या भागवतकारांना सुगंध जाणवला, त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ते विचारलेच पाहिजेत.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मारबत जळते, गर्दी पांगते, राख वाऱ्यावर उडते. पण घरामागच्या डबक्यात साचलेले पाणी तेथेच राहते. काळी मारबत निघू लागल्यानंतर सोळा वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस नावाच्या डॉक्टरने सिकंदराबाद येथे सूक्ष्मदर्शकाखाली डास तपासले आणि हिवताप डासांमार्फत पसरतो हे शोधून काढले. ज्या राक्षसाला लोकांनी कागदाचे प्रचंड शरीर दिले होते, तो प्रत्यक्षात डासाच्या पोटात मावण्याइतका लहान होता! तेव्हापासून डबके बुजविणारा, पाणी उकळणारा, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारा माणूसही भीमाच्या पंगतीत बसला आहे.

एकचक्रेतील त्या बालकाच्या हाती केवळ गवताची काडी होती. त्या काडीने राक्षस मरणार नव्हता. परंतु घरातील सर्वजण रडत असता ते मूल ती घेऊन उभे राहिले, आणि थोड्याच वेळात भीमाचा गाडा बकासुराच्या वाटेला लागला.

शब्दार्थ

बेगड – चकचकीत रंगीत कागद. पटकी – कॉलरा. अगरू – एक सुगंधी लाकूड. भिस्त – भरवसा. प्रमाद – चूक. कोलीत – जळते लाकूड. अक्षविद्या – फाशांच्या खेळाचे ज्ञान. निवर्तणे – मरण पावणे. वाली – रक्षणकर्ता. खालसा करणे – राज्य सरकारजमा करणे.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मारबत कशाची बनविलेली असते?
(आ) मिनोटॉरचा जन्म कोणाच्या कोणत्या चुकीमुळे झाला?
(इ) मेगॅस्थिनीस कोणाच्या दरबारी आला होता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) एकचक्रा नगरीची व अथेन्सची कथा यांतील साम्ये सांगा.
(आ) थीसियस व नल या दोघांच्या वागण्यात कोणते साम्य व कोणता भेद आढळतो?
(इ) हायड्रा व रक्तबीज यांच्या कथांवरून कोणता बोध होतो?

३. 'भीम वीर ठरला तो दुसऱ्याच्या पाळीला स्वतः गेला म्हणून.' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. विचार करा : दोषाची निंदा करणे आणि माणसाची निंदा करणे यांत काय फरक आहे? पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, पाय न ठरणे, मोह पडणे, राग आवरणे.

६. उपक्रम : आपल्या गावाजवळील डोंगर, तळे किंवा दरी यांविषयी वडीलधारी माणसे सांगतात ती कथा ऐकून लिहून काढा आणि वर्गात वाचून दाखवा.